लोहाच्या गोळ्या

हे मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. मला समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका — तशी माणसं मला आवडत नाहीत.

पंचाण्णव-शहाण्णवची गोष्ट. नवऱ्याने टाकल्यावर मी शेवगावला आईकडे परत आले होते. बालवाडीत शिकवायचे. घर माझ्या पगारावर चालायचं, आईचं सगळं मी करायचे. भाऊ पुण्याला, दिवाळीला यायचा. तरी ओट्यावर बायका जमल्या की आई त्यांना सांगायची, "हिला नांदाया आलं न्हाई. आता बसलीय माझ्या उरावर." मी आत भाकरी थापत असायचे. ते मला ऐकू यावं म्हणूनच ती मोठ्यानं बोलायची — नाहीतर कशाला?

त्या उन्हाळ्यात तिला चक्कर यायला लागली. डॉक्टर म्हणाले, वयाचा अशक्तपणा आहे, एखादी चांगली मल्टीव्हिटॅमिन सुरू करा. मी मेडिकलमध्ये गेले. दुकानदार ओळखीचा. त्याने दोन बाटल्या पुढे ठेवल्या. एक साधी. दुसरीत लोह भरपूर. "ही दुसरी नका नेऊ," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला खडा धरतो, शी काळी होते. आणि तुमच्या आईला मूळव्याध आहे ना?"

होती. मलाच ठाऊक होतं किती होती — तिचे डाग पडलेले कपडे मीच धुवायचे.

मी दुसरी घेतली. घरी कुणासाठी म्हणून त्याने विचारलं, तर माझ्यासाठीच म्हणाले.

चुकून? नाही. रागाच्या भरात? दुकानापासून घरापर्यंत बराच रस्ता होता, राग निवायला पुरेसा. मी रोज जेवणानंतर तिच्या तळहातावर गोळी ठेवायचे, वर पाण्याचा तांब्या द्यायचे. ती निमूट गिळायची. थोड्याच दिवसांत संडासातून तिचं कण्हणं ऐकू यायला लागलं. मी दाराबाहेर उभी राहायचे. मदतीला नाही — ऐकायला.

मग तिने काळी शी पाहिली. तिची थोरली बहीण पोटातल्या गाठीने गेली होती, आणि शेवटी तिलाही असंच काळं व्हायचं. आईने जेवण सोडलं. ओट्यावर जाईनाशी झाली. एक दिवस ट्रंक उघडून तिने माझ्यापुढे आपली नवी लुगडी ठेवली. "तुला ऱ्हाऊ दे. मला आता काय करायची?" तेव्हा एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. गोळीमुळे होतंय, आई. एवढंच. मी लुगडी उचलून माझ्या कपाटात ठेवली.

भावाला कळलं, तो आला, आम्ही तिला नगरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नीट विचारलं, "लोहाच्या गोळ्या वगैरे चालू आहेत का?" आई म्हणाली, "मला काय कळतंय? हिलाच ठावं." तिघंही माझ्याकडे बघत होते.

मी नाही म्हणाले.

मग त्यांनी तिच्या घशातून पोटात नळी घातली. मी बाहेर बाकावर होते. तिचं ओकणं, गुदमरणं, नर्सचं ओरडणं — सगळं ऐकत बसले. भाऊ रडत होता. मी नाही रडले. खरं सांगू? आता भोग, असं मनात म्हणत होते.

काही निघालं नाही. घरी आल्यावर मी ती बाटली मोरीत रिकामी केली आणि साध्या गोळ्या आणल्या. आई हळूहळू जेवायला लागली. पण ती पहिल्यासारखी झाली नाही. मरणाला भ्यालेली बाई होती ती आता. मी बालवाडीतून यायला उशीर केला की दारात येऊन बसायची. माझ्यावर एकदाही तोंड टाकलं नाही. ओट्यावर बायकांना सांगायची, "माझी पोर हाय म्हनून जगले मी. लई करती माझं."

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. ते बोलणं मी दर वेळी ऐकलं. आत भाकरी थापत नाही — बाहेर येऊन, तिच्या शेजारी बसून. मला ते आवडायचं.