बॉयलरच्या दाराची दोरी

लॉजवर काम करणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते बॅगा घेऊन, आपल्याच पायांनी काउंटरवर येतात! तुळजापुरात मॅनेजरकी करता करता माझे केस पिकले. इतके किस्से साठलेत की चहाला बसलं की आधी कुठला सांगू असं होतं. पण आज सांगतोय ते पुढच्या दारातून आलेले नाहीत. ते मागच्या अंगणातले, आमच्या बॉयलरचे. सांगतो हसत हसत, पण तेव्हा सगळंच हसण्यासारखं नव्हतं.

*

आमचा बॉयलर म्हणजे पत्र्याच्या शेडखाली उभा केलेला, माणसापेक्षा उंच बंब. लाकडावर चालणारा. पहाटे देवीच्या दर्शनाला निघणाऱ्यांच्या आंघोळीचं पाणी त्याच्यातूनच पाइपनं खोल्यांत जातं. त्याच्या लोखंडी दाराला कडेनं खाच आहे आणि त्या खाचेत अंगठ्याएवढी जाड, आगीत न जळणारी पांढरी दोरी. दार लावलं की दोरी दाबली जाते आणि धूर आतच राहतो. कुणी तिला पॅकिंग म्हणतं, कुणी गॅस्केट. आमच्याकडं नुसती दोरी.

लाकडं टाकायचं काम हनमंतमामांचं. बाकी सगळे त्या बंबाला भिऊन असायचे. मालक अप्पा तर सगळ्यात जास्त! अंगणात पाऊल ठेवायचे नाहीत. स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडायचे, "हनमंता, दार नीट लाव रे!"

एकदा मामा म्हणाले, "अप्पा, बॉयलर तुमचाच हाय. जवळ येऊन बघा की एकदा."

"माझाच हाय म्हणून तर लांबून बघतो!"

*

ऐन पौषातल्या थंडीत दोरी गेली. तिचे तुकडे पडले आणि दाराच्या फटीतून धूर यायला लागला. माझी आई माझ्याजवळच राहते, काउंटरमागच्या खोलीत. ती म्हणाली, "त्यात काय एवढं? कुकरची रिंग बदलत्यात, तसंच की!"

अप्पांना हे एकदम पटलं. रिंग रबराची असते, म्हणून त्यांनी मोटारसायकलची जुनी ट्यूब पाठवली. मामांनी ती कापून खाचेत बसवली आणि लाकडं पेटवली.

थोड्याच वेळात काळा धूर वरच्या मजल्यापर्यंत! अंगाला साबण लागलेली माणसं टॉवेल गुंडाळून जिन्यात आली. एक काका नाकाला उपरणं लावून म्हणाले, "काय हो, होम चालू हाय का काय?"

मामा काळं झालेलं तोंड पुसत म्हणाले, "व्हय. आमचाच!"

*

मग मामांनी स्वतःचं डोकं लावलं. ओलं पोतं पिळून फटीत कोंबलं. ते वाळलं आणि पेटलं. मामांनी ते ओढायला दार उघडलं, तर आतून भक्कन जाळ बाहेर आला. मामा मागं पडले म्हणून वाचले. भुवया तेवढ्या गेल्या.

मी धावत गेलो. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, माणूस गेला!

दुसऱ्या दिवशी मामा नेहमीसारखे कामावर हजर. मी विचारलं, "मामी काय म्हणाल्या?"

"म्हणली, बरं झालं. आता तुमी चिडल्यालं कळत न्हाय!"

*

इथून पुढं मात्र मला नीट हसता आलं नाही.

आईच्या खोलीची एक भिंत बॉयलरला लागून आणि खिडकीही अंगणातच. तिला ती खोली फार प्रिय. "भिंत पाठीला शेकती," म्हणायची. पण त्या दिवसांत, बॉयलर दोरीविनाच पेटत असताना, उठली की तिचं डोकं दुखायचं, मळमळायचं. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

डॉक्टरांनी बीपी बघितलं, जीभ बघितली आणि मग विचारलं, "झोपता कुठं?" मी बॉयलरची भिंत, फटीतला धूर, सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"धूर दिसतो तोवर बरं असतं," ते म्हणाले. "त्याच्याबरोबर जो वायू येतो त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस जातो. कळतसुद्धा नाही."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "डॉक्टर लई गुणाचा दिसतोय. गोळ्या लिहायच्या सोडून भुताच्या गोष्टी सांगतोय!"

मी आल्या आल्या बॉयलर विझवायला सांगितला. आईची गादी पुढच्या हॉलमध्ये आणली. गिऱ्हाईकं गार पाण्यावरून शिव्या देत होती, त्या गुमान ऐकल्या.

*

नवी दोरी सोलापूरहून आणली. मामांनी नाकाला ओलं फडकं बांधून खाच खरवडली. मग चिकटवायचा मसाला भरून दोरी न ताणता, बोटानं दाबत दाबत बसवली. मी शेजारी उभा. ही कुठं जरा जरी ढिली राहिली तर? म्हणून बोटाबोटाला वाकून बघत होतो.

तपासायची रीत सोपी. दारात कागद धरायचा, दार लावायचं आणि कागद ओढायचा. सटकला तर दोरी ढिली. पण कागद कुठला? लॉजचं बिल, कार्ड, कॅलेंडर, सगळ्यावर देवीचा फोटो!

"जगदंबेवर भट्टीचं दार लावू? म्या न्हाय!" मामांनी हात जोडले.

शेवटी माळ्यावर अप्पांच्या नगरपालिकेच्या इलेक्शनची जुनी पत्रकं सापडली. त्यावर फक्त अप्पा, हात जोडून. आम्ही दाराच्या चारी बाजूंनी अप्पांना लावून लावून ओढलं. शेवटी मामा आनंदानं ओरडले, "घट्ट अडकले!"

स्वयंपाकघराच्या दारातून घाबराघुबरा आवाज आला, "अरं, कोण अडकलं?"

"तुमीच!"

*

त्याच संध्याकाळी आई खोलीत परत गेली. हॉलमधल्या गारठ्यानं पाठ धरली म्हणे. मी हातापाया पडलो, ऐकेना. "निदान कडी लावू नकोस," एवढं सांगितलं.

पहाटे मामांनी बॉयलर पेटवला. फटीतून धुराची रेघसुद्धा नाही. पण डॉक्टर म्हणाले होते तो वायू दिसतो कुठं? आई रोज कोंबड्याच्या आधी उठते, खोकते, चहा मागते. त्या दिवशी खोकला नाही की हाक नाही. दार ढकललं तर आतून कडी!

"आई! ए आई!" मी दार बडवलं. परत बडवलं. खोल्याखोल्यांतून माणसं गोळा झाली. मामा आले, त्यांच्या तोंडाकडं बघवेना. आम्ही दोघांनी खांदा लावला. कडी तुटून आत पडली.

आई भिंतीकडं तोंड करून पडलेली. हालचाल नाही. मामांनी धावत जाऊन खिडकी उघडली. मी तिचा खांदा धरला. गदागदा हलवला. दारातल्या एका बाईनं पदर डोळ्याला लावला.

आईनं एक डोळा उघडला. आधी तुटक्या दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मुडद्या, दार कशाला मोडलंस? लई दिसांनी डोकं दुखायचं थांबलं, तवा कुठं गाढ झोप लागली व्हती!"