कासवाच्या बाजूनं

शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या काकू पन्नाशीच्या आहेत आणि एका कार्टूनवर त्यांचा फार जीव आहे. दळण घेऊन आलेल्या पोरांशी त्या त्यावरून गिरणीच्या घरघरीच्या वर आवाज चढवून भांडतात. भुवयांवर पीठ, एक हात डब्यावर, दुसरा हवेत.

एका भागात त्यातल्या कासवानं जंगलाचं गुपित कोल्ह्याला सांगितलं. पोरं म्हणाली, कासव फितूर झालं. काकू म्हणाल्या, "ते तसलं न्हाय! त्याचा कायतरी डाव हाय की!"

पुढचा भाग लागला तेव्हा काकू दळणाच्या गर्दीत अडकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ज्वारी घेऊन गेलो, तर शेजारची सानिया धावत आली.

"काकू, त्या कासवानं ना..."

"सांगू नगंस! दुपारी परत लागतंय, मी बघनार हाय!"

सानियाला राहवेना. तेव्हा काकूंनी रिकामीच गिरणी सुरू केली. रिकामी फिरवली की दगड झिजतात म्हणून नवऱ्यावर ओरडणारी हीच बाई. त्या घरघराटात सानियाचे ओठ हलत राहिले आणि काकू डोळे मिटून हसत राहिल्या.

संध्याकाळी पीठ आणायला गेलो. कासव खरंच फितूर निघालं होतं आणि पोरं काकूंना चिडवायला जमली होती. मला वाटलं, त्या हिरमुसल्या असतील. पण त्यांनी टाळीच वाजवली.

"हरले की मी! काय फसवलं रं त्यानं मला! लई भारी! पन बघा, ते माघारी येतंय."

"नाही येणार!" पोरं ओरडली.

"येणार," मी म्हणालो.