बाळाबाई महिनाभर थांबल्या नाहीत

मी कोल्हापूरच्या एका रुग्णालयात लहान मुलांचे कान तपासते. बाळाबाई चौगुले पहिल्यांदा माझ्या लक्षात आल्या त्या त्यांच्या एका प्रश्नामुळे. शिरोळ तालुक्यातल्या आशाताईंना, म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविकांना, शिकवायला मी गेले होते. तान्हं बाळ ऐकतं का ते कसं ओळखायचं, कितव्या महिन्यात ते काय बोलायला लागतं, असा विषय होता. जेवणं झालेली आणि वीज गेलेली, त्यामुळे निम्म्या बायका पेंगत होत्या. शेवटच्या रांगेतून एक हात वर आला.

"म्याडम, पोरगं ताटली वाजवली की वळतंय, हाक मारली तर न्हाय. मग ते ऐकतंय म्हणायचं का न्हाय?"

मी सांगितलं, ताटली वाजवणारा हात बाळाला दिसतो, जमिनीचा हादरा जाणवतो. तेवढ्यावर विसंबायचं नाही. मागून, न दिसता, नुसती हाक मारून बघायची. बाळाबाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि थेट आपल्या गावातल्या हंबीररावांच्या घरी गेल्या.

हंबीररावांचा नातू राजस तेव्हा नऊ महिन्यांचा होता. जन्मल्यावर त्याचे कान तपासलेच गेले नव्हते. चौथ्या-पाचव्या महिन्यात तो इतर बाळांसारखा गूं-गूं करायचा. आता बा-बा, दा-दा सुरू व्हायचं, तर तो उलट गप्प होत चालला होता. बाळाबाई दर भेटीला हे बघत होत्या.

हंबीरराव उखडले. "आमच्या घराण्यात पोरं उशिराच बोलत्यात. मी तीन वर्सांचा हुतो! उगंच पोराला नाव ठेवू नकासा."

"नाव कोण ठेवतंय, आबा? तुमीच मारा की हाक. पाय वाजवायचा न्हाय, सावली पडू द्यायची न्हाय."

राजस आईच्या, अवंतिकाच्या मांडीवर पळी चोखत बसला होता. हंबीररावांची हाक उसाच्या फडात पार दुसऱ्या टोकाला ऐकू जायची. त्यांनी मागून तीनदा हाक मारली. शेजारची म्हातारी बाहेर येऊन बघायला लागली, पण राजस पळी चोखत राहिला. हंबीरराव उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "कधी जायचं?"

आमची मुख्य तपासणी बाळ झोपलेलं असतानाच करायची असते. कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवून कानात आवाज सोडायचा आणि तो मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्रावर बघायचं. राजस येताना एसटीत दीड तास झोपला आणि आमच्या खोलीत टक्क जागा झाला. वायर लावली की उपटायचा, रडायचा. दमून मी म्हणाले, "पुढची तारीख महिन्यानं मिळेल."

"म्हैना?" बाळाबाई उभ्याच राहिल्या. "म्याडम, तुमीच सांगितलासा की, पोराचा एकेक दिवस मोलाचा म्हणून. मी लिवून घेतलंय."

त्यांनी पिशवीतून वही काढली. खरंच लिहिलं होतं. मी माझी परवाची जेवणाची सुट्टी त्यांना दिली.

त्या दिवशी येताना बाळाबाईंनी राजसला एसटीत डोळा लावू दिला नाही. खिडकीतून ट्रॅक्टर दाखवले, ओल्या फडक्यानं पाय पुसले, या मांडीवरून त्या मांडीवर फिरवला. कंडक्टरही तिकिटं फाडता फाडता वेडीवाकडी तोंडं करून दाखवत होता म्हणे. आमच्याकडे पोचल्यावर अवंतिकानं पदराखाली घेतलं आणि पाच मिनिटांत पोरगं गाढ झोपलं. सव्वा तास तपासणी चालली. दोन्ही कानांना सगळ्यात मोठा आवाज दिला, तरी यंत्रावर काही उमटलं नाही.

मी सांगितल्यावर अवंतिका एवढंच म्हणाली, "माझं काय चुकलं?"

"तुझं काय चुकायचंय?" बाळाबाई म्हणाल्या. "तू दहा म्हैन्यांच्या आत आणलंस त्याला. लोकं चार-चार वर्सं वाट बघत्यात. ताठ मानेनं चल."

आधी कानाला बाहेरून लावायची यंत्रं दिली, दीड वर्षाचा झाल्यावर कानाच्या आत यंत्र बसवायची शस्त्रक्रिया झाली. आवाज आत पोचायला लागला. पण यंत्र आवाज देतं, भाषा घरच्यांनीच द्यायची असते. बाळाबाईंनी घराला कामाला लावलं. भाकरी थापताना बोलायचं, धार काढताना बोलायचं, अंघोळ घालताना बोलायचं. हंबीरराव म्हशीचं नाव, शेपूट, शिंग, शेण सगळं नातवाला समजावून सांगायला लागले. आधी बाळाबाई रोज जायच्या, मग आठवड्याला. मोबाईलवर मला चित्रफिती यायच्या आणि मी पुढचा धडा सांगायची.

सात-आठ महिने फारसं काही हाती आलं नाही. मग एके सकाळी बाळाबाईंनी त्याच्या हातातली बिस्किटं गमतीनं काढून घेतली आणि राजस खणखणीत ओरडला, "न्हाय!"

हंबीरराव हसत सुटले. "आमच्याच घरातला हाय की! पयला शबुदच न्हाय!"

या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गावात शिरलं. बाकीचं घर तसंच टाकून हंबीररावांनी आधी यंत्राच्या बॅटऱ्यांचा डबा प्लास्टिकमध्ये गुंडाळून अंगातल्या बंडीत घातला. पूरग्रस्तांची छावणी केलेल्या शाळेत राजस, साडेतीन वर्षांचा, दिसेल त्याला विचारत होता, "तुमचं घर बुडलं? आमचं बुडलं." बाळाबाई तिथंही याद्या घेऊन बाळंतिणींमधून फिरत होत्या, आणि त्यांच्या मागोमाग हंबीरराव.

"पावणं, पोराचा कान तपासलाय का? न्हाय? मग कशाची वाट बघतायसा? ह्या बाळाबाईचं ऐका. मी ऐकलं न्हवतं, माझंच नशीब थोर म्हणून तिनं सोडलं न्हाय मला."

हे सगळं बाळाबाईंनी मला फोनवर सांगितलं. मग लगेच कामाचं बोलल्या. "म्याडम, छावणीत सहा तान्ही हायत. दोघांचं मला काय बरोबर वाटत न्हाय. पाणी उतरलं की मंगळवारी घेऊन येतो. जागा ठेवा."

मी ठेवली आहे. विभागातल्या शिकाऊ मुलींना मी सांगून ठेवलंय, मंगळवारी बाळाबाई चौगुले येणार आहेत, कुणी सुट्टी घेऊ नका. त्या पोरं कशी बघतात ते बघा. पुस्तकात ते सापडत नाही.