सागरला आईचं चित्र काढायचं होतं

गुरुवारची दुपार होती. चित्रकलेच्या वर्गातली पोरं येऊन बसली होती. कुणी रंगांच्या डब्या उघडत होतं, कुणी शेजारच्याचं खोडरबर पळवत होतं आणि मी दाराकडं बघत सागरच्या नावानं खडे फोडत होते. एवढ्यात मोबाईल वाजला. नाव सागरचंच. मी पलीकडच्याला हॅलोसुद्धा म्हणू दिलं नाही. "काय रे शहाण्या, चित्र आणतो म्हणून सांगून गेलास, कुठं उलथलायस? आता चर्चच्या पाळकसाहेबांना पाठवू का तुला आणायला?" पलीकडून एक अनोळखी आवाज आला, "बाई, मी सागर न्हाई. मी त्याच्यासंगं कंपनीत हाय. बाई... सागर गेला." "कुठं गेला?" मी विचारलं. अहो, खरंच विचारलं! आजन्म मराठी बोलणारी बाई मी, पण त्या क्षणी मला 'गेला' या शब्दाचा अर्थच कळला नाही. सत्तावीस वर्षांचा पोरगा, पुढच्या महिन्यात लग्न... तो कुठं जाईल? दौंडला जाईल, पाटसला सासुरवाडीला जाईल, फार तर पुण्याला जाईल!

रात्रपाळी करून तो मोटरसायकलवरून कारेगावहून दौंडला आईकडं निघाला होता. पहाटेचं धुकं होतं. मांडवगण फराट्याच्या अलीकडं उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी होती, मागं ना दिवा ना काही. बाकीचं त्या मित्राला सांगता येईना आणि मलाही ऐकवेना. फोन ठेवल्यावर मी पोरांना सुट्टी दिली नाही. का नाही दिली, देव जाणे. एकेकाची पेन्सिल मागून घेतली आणि टोक काढत बसले. टोक असलेल्या पेन्सिलींनाही परत टोक काढलं. शेवटी एक चिमुरडी म्हणाली, "बाई, माझी पेन्सिल संपायला आली." तेव्हा कुठं माझे हात थांबले.

मी शिरूरची. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, पण जित्याची खोड... आमच्या देवळाशेजारच्या, म्हणजे चर्चशेजारच्या हॉलमध्ये गुरुवारी आणि रविवारी वर्ग घेते. येणारी सगळी पोरं पाचवी ते नववीची. त्यात दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी हा दाराशी येऊन उभा राहिला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, हातात हेल्मेट. मला वाटलं कुणाचा तरी भाऊ न्यायला आलाय. तर म्हणाला, "मॅडम, मला शिकायचंय."

"मॅडम तुमच्या कंपनीत. इथं बाई म्हणायचं. काय शिकायचंय?"

"आईचं चित्र काढायचंय, बाई."

"मग फोटो आण तिचा. फोटोवरून शिकवते."

"फोटो न्हाई. एकबी न्हाई. ती काढूच देत न्हाई." मी पुढं खोदून विचारलं नाही. म्हटलं, आई नंतर, आधी तांब्या. बस तिकडं पोरांच्यात.

समोर टेबलावर पितळी तांब्या मांडला होता, शेजारी एक वांगं आणि चुरगळलेला पंचा. वस्तुचित्राचा आमचा नेहमीचा सरंजाम. हा पठ्ठ्या मागच्या बाकावर गुडघे आखडून बसला, खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि खाली मान घालून कामाला लागला. थोड्या वेळानं पोरांच्यात एकदम हशा पिकला. "बाई, बाई! दादानं तीन तांबे काढले!" जाऊन बघते तर खरंच तीन. एक समोरून, एक वरून, एक बाजूनं. तिन्ही पट्टीनं मारलेले, रेघांना बाण, बाणांवर मापं! तो आयटीआयला ड्राफ्ट्समन शिकलेला आणि कंपनीत क्वालिटीला, पार्टची मापं तपासायला. त्याच्या लेखी चित्र म्हणजे हेच.

"अरे बाबा, हे काय आहे?"

"बाई, ह्यो कागद कुणालाबी द्या. बघून त्यो आस्साच तांब्या बनवंल."

"पण तांब्या कासारानं बनवलाय की! तो तुला इथून कसा दिसतोय ते सांग मला. ह्या चित्रात बघणारा कुठं बसलाय?"

तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "ड्रॉइंगमधी बघणारा नसतोय, बाई. नुसता पार्ट असतोय." मला हसू आवरेना. त्या दिवशी मी त्याची पट्टी काढून घेतली आणि सांगितलं, आता तुझ्या बाकावरून उठायचं नाही. जे तिथून दिसेल तेच काढायचं. पाठ दिसत नसेल तर पाठ नाही. तांब्याचं तोंड गोल आहे हे तुला माहीत आहे, पण इथून ते चपटं दिसतंय, तर चपटंच काढायचं. हे त्याला फार जड गेलं. माहीत असलेलं सोडून दिसतंय ते काढायचं, म्हणजे त्याला कंपनीत खोटं माप लिहिल्यासारखं वाटे. कितीतरी गुरुवार तो एका तांब्यापाशी घुटमळत राहिला. पोरं पुढच्या धड्याला गेली, याचा तांब्या हलेना. मी ओरडायची, तो खोडायचा. कागदाला भोक पडेपर्यंत खोडायचा. पण एकदाही वर्ग चुकवला नाही.

एकदा पोरं गेल्यावर तो ब्रश धुवत मागं थांबला आणि आपणहून बोलला. आईच्या चेहऱ्यावर कोड होतं. सागर चौथीत असताना डोळ्याखाली एक पांढरा डाग उठला, मग ओठापाशी, मग गळ्यावर. तेव्हापासून तिनं जो पदर तोंडावर ओढला तो ओढलाच. कुणी समोर आलं की पदराचं टोक दातांत. वडील रेल्वेत होते, ते गेले तेव्हा माणसं भेटायला आली तरी ही आतल्या खोलीत. सागरचा आयटीआयचा कार्यक्रम झाला तर ही बाहेर गेटपाशी उभी. आता त्याच्या लग्नाची बोलणी सुरू होती आणि ती आधीच सांगून बसली होती, "मी मांडवात मागं बसंन. स्टेजवर यायची न्हाई. फोटू जलमभर ऱ्हातोय." सागर म्हणाला, "बाई, ती मला कशी दिसती ते तिला एकदा दावायचंय. म्हंजी मग ती स्टेजवर यील."

मी म्हटलं, "अरे, मग ती स्वयंपाक करताना मोबाईलवर काढून आण की गुपचूप एक फोटो. मी मदत करते."

त्यानं झटकन माझ्याकडं बघितलं. "चोरून न्हाई, बाई. ती सोताहून समोर बसली पायजे."

ती बसेल का, याची मग मलाच काळजी लागून राहिली. आठवड्याला एकदा विचारायची, काय म्हणतात आईसाहेब? तो मान हलवायचा. पण हात मात्र त्याचा सुटत चालला होता. न्हावऱ्याच्या स्टँडवर बसची वाट बघणारी माणसं, कंपनीच्या बसमध्ये माना टाकून झोपलेले कामगार, कॅन्टीनमधला बाकडा... लहान वही घेऊन फिरायचा आणि जिथं बसला तिथून काढायचा. त्याच्या खोलीत एक बिहारचा वेल्डर राहायचा. त्याचं चित्र काढलं तर तो आनंदानं ओरडला म्हणे, "अरे, ये तो मैं ही हूँ! मगर भाई, कान इतने बड़े?" सागरनं त्याला सांगितलं, "मी बाजूला बसलो होतो ना, म्हणून." हे मला सांगताना स्वतःच इतका हसला की पोरं त्याच्याकडं बघायला लागली. मलाही तेव्हा वाटलं, गड्याला जमलं.

जलरंग शिकवायला घेतले तेव्हाची गोष्ट. मी सगळ्यांच्या डब्यातली पांढऱ्या रंगाची ट्यूब जप्त करते. पोरं कुरकुरतात. मी सांगते, जलरंगात पांढरं रंगवायचं नसतं, राखायचं असतं. जिथं उजेड पडलाय तिथं कागद तसाच सोडून द्यायचा, बाकीचं रंगवत यायचं. मी हे वर्षानुवर्षं सांगत आलेय, तोंडपाठ झालंय. त्या दिवशी सागर ब्रश हातात धरून तसाच बसला. "म्हंजी बाई, डाग काढायचाच न्हाई?" मी म्हटलं, "कसला डाग?" आणि विचारता विचारताच मला कळलं, कसला ते.

शेवटचा भेटला तेव्हा दारातूनच ओरडला, "बाई, आई बसती म्हणाली!" मी वर्ग सोडून उठले. लग्नाच्या खरेदीसाठी त्यानं आठवडाभर सुट्टी टाकली होती, त्यात दुपारी काढणार होता. माझ्याकडचा सगळ्यात चांगला जाड कागद मी त्याला दिला आणि वर दमही दिला, दुमडलास तर तंगडं मोडीन. पुढच्या गुरुवारी आणतो म्हणून गेला तो गेलाच. बुधवारी परत कामावर हजर झाला होता, सकाळी दौंडला जाऊन चित्र घेऊन माझ्याकडं येणार होता. मला हे सगळं माहीत आहे, तारीखवार मांडून सांगता येतं, तरी अजून पटत नाही. दाराशी हेल्मेट वाजलं की मान वर होते. काय करू?

तेराव्यानंतर मी दौंडला गेले. रेल्वे लाइनीपलीकडं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर सागरचा मोठा केलेला फोटो, त्याला हार. हार घातलेला तो फोटो बघून मी उंबऱ्यातच बसले. इंदूबाई, सागरच्या आई, दातांत पदर धरून पाणी घेऊन आल्या. मला चित्राचं विचारायचा धीर होईना. आणि पोराच्या दुःखात चित्र कसलं विचारायचं? पण मी कोण ते कळल्यावर त्या आत गेल्या, कपाटातून कागदाची गुंडाळी आणली आणि माझ्यासमोर उलगडून धरली.

इंदूबाई लसूण सोलत बसलेल्या. पदर खांद्यावर. चेहरा पूर्ण उघडा, किंचित खाली झुकलेला, ओठांवर आत्ता काहीतरी बोलतील असा भाव. गालावर, ओठापाशी, गळ्यावर नुसता कागद सोडलेला, आणि सगळा उजेड तिथूनच आल्यासारखा. एक हात रंगवायचा राहिलेला, फक्त पेन्सिलीच्या रेघा. मी आयुष्यभर चित्रं तपासत आलेय. या चित्रात मला एक चूक सापडेना.

"रोज दुपारी बसायचा," इंदूबाई पदराआडून म्हणाल्या. "पैल्या दिशी माजा पदर सारखा तोंडावर. ह्यो नुसता म्हनायचा, 'आई, दात!' की मी सोडायची. परत, 'आई, दात!' मंग हसाया आलं मला. लसूण सोलता सोलता इसरूनच गेले बगा. हात तेवढा ऱ्हायला. म्हनला, गुरुवारी आलो की पुरा करतो." मग म्हणाल्या, "बाई, ह्याला चौकट करून द्या मला. त्याच्या शेजारी लावनार हाय."

सोबतीला आलेली शेजारीण दचकली. "अगं इंदे, जित्या मानसाचं चित्र हाराशेजारी लावत्यात व्हय? बरं न्हाई ते!"

"आता मला कशाचं बरं आन् कशाचं वाईट?" इंदूबाई म्हणाल्या. "लग्नात त्याच्या शेजारी उबी ऱ्हाते म्हनलं व्हतं त्याला. चित्र बगितलं आन् म्हनलं, यीन बाबा स्टेजवर. लई हसला. मी शबूद दिलाय, बाई."

काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, तो कुठं बसला होता? त्यांनी खिडकीखालचा पाट दाखवला. मी उठून त्या पाटावर बसले. इंदूबाई समोर भिंतीला टेकल्या. शेजारीण होती, दार उघडं होतं, रस्त्यावरनं माणसं जात होती. त्यांनी दातांतला पदर सोडला आणि तोंड माझ्याकडं केलं.

"दिसतंय का नीट तितनं?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय," मी म्हणाले आणि मला हुंदका आवरेना. ओंजळीत तोंड धरून मी लहान पोरीसारखी रडत राहिले. खूप वेळानं मान वर केली, तर इंदूबाई तशाच बसल्या होत्या, माझ्याकडं तोंड करून.