तारेआडचं गोऱ्यांचं चर्च

मी चर्चमधल्या बाकाखाली पालथी पडले होते, पोटाखाली नारळ होता, आणि दाराबाहेर सुभेदार आमच्या चपला मोजत होता.

"तीन जोड," तो म्हणाला. "आत कोण हाय?"

आत आम्ही तिघं होतो. मी, माझी सासू आणि माझा थोरला भाऊ बाबू. आतल्या अंधाराला डोळे सरावायच्या आतच बुटांचा आवाज आला, तसं दादानंच कुजबुजून सांगितलं होतं, "खाली व्हा. मी सांगेपर्यंत उठायचं न्हाई." लपलो झकास. पण देवाच्या दारात चपला काढून ओळीनं लावून ठेवल्या होत्या, ते तिघांपैकी एकालाही आठवलं नाही. (आम्ही तिथं चोरी करायला गेलो असतो, तरी आधी चपला काढल्या असत्या.)

दादा तिथं माळी होता. नगरजवळची ही लष्कराची वसाहत. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत तिला नाव नव्हतं, पाटी नव्हती, नुसतं तारेचं कुंपण होतं. आत इंग्रजांनी पकडून आणलेले शत्रूकडचे गोरे कैदी ठेवले होते. हे चर्च त्यांनीच बांधलेलं. लढाई संपून पंचवीस वर्षं उलटली, तरी पासाशिवाय आत जायची बंदी होतीच. दादाला पुढच्या महिन्यात नोकरीत कायम करणार होते. बिनपासाची माणसं आत घेतल्याचं कळलं असतं, तर तो कायमचा घरी बसला असता.

मग गेलो कशाला? सासूमुळं. लढाईत ती रोज सकाळी म्हैस घेऊन त्या फाटकापर्यंत जायची, शिपायांसमोर धार काढायची (दुधात पाणी नाही हे त्यांना पटावं म्हणून) आणि माघारी यायची. आत काय आहे, ते तिला कुणी सांगितलं नाही. शेजारणीकडं काय भाजी केली हे कळलं नाही तरी तिला घास उतरत नसे. हे तर पंचवीस वर्षं घशात अडकलेलं.

"पाव्हणं, मरायच्या आधी एकदा आतलं दावा," म्हणून तिनं दादाचं डोकं खाल्लं. दादा नाहीच म्हणत होता. मीच मध्ये तोंड घातलं, "ने की रं दादा. पाच मिन्टात काय हुतंय?"

नारळ घेण्याची अक्कलही माझीच. देवाकडं रिकाम्या हातानं जायचं कसं!

सुभेदारानं दार सताड उघडलं. मला त्याचे बूट दिसले. दादा उठून उभा राहिला.

"मीच हाय, सायेब. झाडून घेत हुतो."

"तीन जोड चपला घालून?"

तेवढ्यात पलीकडच्या बाकाखालून सासू उठली. दारातला उजेड समोरच्या भिंतीवर पडला होता, आणि तिला भान राहिलं नाही.

"अगं बया," ती म्हणाली, "ही तर आमची चंद्री."

"कोण चंद्री?"

"म्हैस. ती काय भितीवर. डावं शिंग खाली वळलंय बगा."

कैद्यांनी येशूच्या जन्माचं चित्र काढलं होतं म्हणे. गोठा, आई, बाळ आणि कडेला म्हैस.

"बाई, पास कुठाय?"

"माझी म्हैस आत हाय, आन पास मला मागता? रोज तारेपलीकडनं एक लाल दाढीचा गोरा टक लावून बसायचा. मला वाटायचं, मलाच बघतोय. मेला म्हशीला बघत हुता."

सुभेदाराचे बूट हलायला लागले. हसत असावा.

"गाईच्या जागी म्हैस कशी, हे आमचं पाद्री सायेब सारखं इचारत्यात," तो म्हणाला. "चला, त्यास्नी सांगा." मग दाराशी थांबला. "मानसं दोन झाली. तिसरा जोड कुनाचा?"

"माझाच," सासू म्हणाली. "एक तुटला तर असावा."

"दोन्हीचं माप येगळं हाय."

"पाय बी येगळं हायत."

पुढं त्यानं विचारलं नाही.

मी तशीच पडून राहिले. दादानं ऊठ म्हटलं नव्हतं, आणि माझ्यापायी त्याची भाकरी जायला नको होती. बाहेर सासूनं पाद्र्याला चंद्रीची सगळी वेतं सांगितली. पाच बाळंतपणं झाली होती तिची. शेवटी दादा मागच्या दारानं आला आणि मला दंडाला धरून ओढतच बाहेर घेऊन गेला. मान वर करायलाही वेळ दिला नाही.

दादा पुढच्या महिन्यात कायम झाला. सासूला पाद्र्यानं आणखी दोनदा बोलावलं, रीतसर पास देऊन. मला कुणी बोलावलं नाही, कारण मी तिथं नव्हतेच.

आता सासू नाही, दादा नाही, आणि ते चर्चही पाडून टाकलं. त्या दिवशी आत गेलेल्यांपैकी मी एकटी जिवंत आहे. चित्राबद्दल कुणी विचारायला आलं, की मी सांगते, बाकाची खालची बाजू सागवानी होती.