जुवाला लागलेले पांढरे केस

मी शाळेत विज्ञान शिकवतो. हळदीवर चुन्याचं पाणी टाकून भोंदूबाबा ‘रक्त’ कसं काढतात, ते दरवर्षी पोरांना करून दाखवतो. भूतबित सांगणाऱ्यांची आजवर किती टिंगल केली असेल, विचारू नका... आता तुम्ही माझी करा. चालेल.

२००८ सालची गोष्ट. मी आणि बायको गोंदियात, फुलचूरला राहायचो. आई केव्हाच गेलेली, बाबा एकटे गावी, मुर्रीच्या पुढे. आम्ही पोवार. आमचे पूर्वज माळव्यातून आले ते म्हणे ढोरं हाकतच आले. आजोबांच्या काळी कोठ्यात चाळीस जनावरं होती. त्यांचं सामान बाबांनी जपून ठेवलेलं – सागाच्या खुंट्यांवर जू, कासरे, मुसकी, लाकडी घंटा, कोपऱ्यात बैलबंडीची चाकं. जनावरं मात्र दोनच उरली होती. हिऱ्या पांढरा, लाल्या तांबडा. हिऱ्या कायम डावीकडे चालायचा, लाल्या उजवीकडे. बाजू बदलली की दोघंही पाऊल टाकत नसत.

त्या वर्षी पावसाळ्यात बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. ते दवाखान्यात असताना मी बैल विकून टाकले. चारापाणी कोण करणार? सगळी शेती ट्रॅक्टरवर, आणि मला शाळा. म्हाताऱ्या बैलांना शेतकरी कोण घेतो! व्यापाऱ्याने घेतले. तो त्यांना कुठे नेणार हे मला माहीत होतं – माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. बाबांना सांगितलं, सालेकशाकडे मित्राच्या मामांना दिले, दोघंही एकाच घरी सुखात आहेत. हलकटपणा केला मी, दुसरा शब्द नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. बैल नव्हते. बाबा म्हणाले, “कोठा उघड.” बैल गेल्यापासून मी तिथं कुलूप घातलं होतं, भंगारवाल्यांचा सामानावर डोळा होता म्हणून. उघडलं. बाबांनी खुंटीवरचं जू उतरवायला लावलं, स्वतः धुऊन पुसून गव्हाणीवर आडवं ठेवलं. बैलांचे खांदे जिथं टेकतात, त्या दोन्ही जागांना तूप-हळद चोळली.

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

मला हसू आलं, खरं सांगतो. “बाबा, लाकडाला काय आवतन देता?” मी कुलूप लावून चावी खिशात टाकली.

पोळ्याच्या दुपारी पुरणपोळीचं ताट घेऊन आम्ही दोघं गेलो. कुलूप मीच काढलं. जुवाच्या उजव्या बाजूची हळद जशीच्या तशी होती. डावीकडची पार घासून गेलेली, आणि तिथल्या तुपात आखूड पांढरे केस चिकटलेले... बोटाने काढले मी. बैलाचेच. खिडकी नाही त्या कोठ्याला. कौलंही शाबूत.

बाबांनी काठी टेकत जवळ येऊन जू पाहिलं. मग विचारलं, “काऊन रे, दोघाईले एकाच घरी देल्लं म्हणतेस ना?”

“हो.”

“मंग एकटाच काऊन आला? जिता बैल दाव्याले बांधला राहाते बा. सुटला तोच येते.” मग माझा हात धरला. “लाल्या अजून हाय कोठीतरी. जाऊन आण. मी काई इचारत नाई, तू फकत आण.”

कपाळ माझं! त्याच घटकेला निघायला हवं होतं. पण गेलो म्हणजे खोटं कबूल केल्यासारखं झालं असतं. “उंदीर असेल बाबा,” म्हणालो, ताट तसंच ठेवून कुलूप लावलं आणि संध्याकाळी फुलचूरला परतलो. दुसऱ्या दिवशी शाळा केली. वर्गात सारखा बाबांचा तो हात आठवत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याकडे गाडी काढली.

तो दात कोरत म्हणाला, “सफेदवाला तो पोले के दिन सुबह ही बैठ गया, सर, फिर उठा ही नहीं. लालवाला कल शाम को कटा. काय को, वापस चाहिए था क्या?”

तिथून सरळ गावी. रस्ताभर नवीन खोटं जुळवत होतो. बाबा ओसरीत बसले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “काई सांगू नोको. काल दिवे लावाच्या टायमाले आतून घंटी वाजली. लाल्या बी आला.”

चावी माझ्याच खिशात होती. कुलूप काढलं. उजवीकडची हळदही घासलेली, तुपात तांबडे केस. ताटाला कोणी तोंड लावलेलं नव्हतं.

बाबा दारातूनच म्हणाले, “जेवले नाई दोघंही. तुह्या घरचं कायले खातीन!”

त्यानंतर चार वर्षं ते जगले. शेवटी फुलचूरला माझ्याकडेच होते. पाणी हवं असलं तर मी उशाशी बसलेला असतानाही स्वयंपाकघराकडे तोंड करून सुनेला हाक मारायचे.

दोन्ही रंगांचे केस मी शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिले. केस आहेत, बस्स. बंद कोठ्यात ते कसे आले, मला आजही सांगता येत नाही. बाबा माझ्या हातचं पाणी का घेत नव्हते, ते मात्र कोणाला विचारावं लागलं नाही.