सगळी जहाजं कोलंबोला

आमच्या हॅम क्लबात एक लोखंडी खुर्ची होती. बसलं की साडीला गंज लागायचा. पण ती वायरलेस सेटसमोर होती, म्हणून तिचा मान केवढा. पावसाळ्यात पूर आला की शिरोळ-कुरुंदवाडकडचे फोन मुके व्हायचे आणि मग कुठं पाणी चढलं, कुठं नाव पाठवायची, हे सगळं आमच्यासारख्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांकडून कळायचं. खुर्चीत बसेल तो बोलणार, तोच ऐकणार. माझ्याकडे खालच्या पायरीचं लायसन होतं, तरी पुरात माझं काम काय, तर चहा. माझं माहेर कुरुंदवाडचं. आमच्या गल्लीत पाणी शिरल्याचं मी हातात गाळणी घेऊन दुसऱ्याच्या तोंडून ऐकलंय. त्या दिवशी मनात घेतलं, की ह्या खुर्चीत आपण बसायचं.

आणि गंमत बघा, टेबलावरचा सेट आमचाच. ह्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. तिथं ह्यांनी तो जोडला, निम्मं सोल्डरिंग मी केलं, आणि क्लबला वापरायला दिला. उपकार म्हणून कधी बोलून दाखवलं नाही. तिथंच चुकलं बहुतेक.

क्लबचे सेक्रेटरी कॉलेजात शिकवायचे आणि भाजीवालीशीही वर्गात उभं असल्यासारखं बोलायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट ही. अ‍ॅडव्हान्स्ड ग्रेड, म्हणजे सगळ्यात वरचं लायसन, तेव्हा आमच्यात कुणाकडेच नव्हतं. सेक्रेटरींनी सभेत सांगितलं, "जो आधी अ‍ॅडव्हान्स्ड पास होईल, खुर्ची त्याची." सांगताना हात खुर्चीच्या पाठीवर होता, असा, जसा आपल्याच म्हशीवर ठेवतात.

त्या परीक्षेत लेखी पेपर तर होताच, पण खरी दमछाक मोर्सची. परीक्षक कट्ट-कड असा इंग्रजी उतारा वाजवणार आणि आपण कानानं ऐकून अक्षरं उतरवायची. ह्यासाठी क्लबानं काय तयारी करावी? एक कॅसेट आणली. एकच. मुंबईहून एक जहाज सुटतं आणि कोलंबोला पोचतं, एवढाच तिच्यातला उतारा. रोज संध्याकाळी चार शहाणी माणसं ती लावून लिहीत बसायची आणि एकमेकांना दाखवायची, "आज एक पण चूक न्हाय." अरे, चूक होईल कशी? तुम्हाला पाठ झालंय ते. आरती म्हणताना कोण चुकतंय?

मी कॅसेट मागितली, तर सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, एकच आहे. तुमच्या घरात टेप गुंतली-बिंतली म्हणजे?"

"मग इथंच बसून ऐकते की."

"तसं नको. बाईमाणूस समोर असलं की मंडळींचं लक्ष लागत नाही."

लक्ष म्हणे. पाठांतराला कसलं लक्ष लागतंय.

मग आमची शाळा घरीच. दुकानातल्या बझरला मोर्स वाजवायची कळ जोडली. हे वाजवायचे, मी लिहायची. उतारे कुठले, तर औषधाच्या डबीतला कागद, टीव्हीचं माहितीपत्रक, पार्ट गुंडाळून आलेला इंग्रजी पेपर. ह्यांचा हातही असा, की एक अक्षर लांबवायचे आणि दुसरं गिळायचे.

"अहो, काय वाजवताय हे?"

"मला म्हाईत हाय की मी काय वाजवतोय. तू लिव्ह."

अर्थ लागो न लागो, लिहायचं. पुढं काय येणार ह्याचा अंदाज करायचा नाही, हे त्या वाकड्या हातानं मला शिकवलं.

परीक्षेला एसटीनं बाहेरगावी गेलो. वाटेत मंडळी भडंग खात होती आणि पुरात खुर्चीवर गादी घालायची का, ह्याची चर्चा करत होती.

परीक्षकांनी वाजवायला सुरुवात केली आणि काय सांगू, उताऱ्यात मुंबईहून जहाज सुटलं. पुढच्या बाकावर सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं. त्यांचं पेन परीक्षकांच्या हाताच्या पुढं पळायला लागलं. बाकीच्या तिघांचंही तेच. अजून वाजायचंय आणि चौघांचं लिहून झालेलं. मी आपली एकेक अक्षर उतरवत होते. माझं जहाज वादळात सापडलं आणि मुंबईला परत आलं.

परीक्षकांनी कागद चाळले आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या कोल्हापूरची सगळी जहाजं कोलंबोला कशी गेली?"

सेक्रेटरी पेनाचं टोपण शोधायला लागले.

पास मी एकटी झाले. लायसन हातात आल्यावर ह्यांना घेऊन क्लबात गेले, तर सेक्रेटरी खुर्चीतच. म्हणाले, "अभिनंदन वहिनी. पण समितीनं ठराव बदललाय. खुर्ची अनुभवानं ठरणार. तुमच्या हातचा चहा मात्र कुणाला जमायचा नाही बघा." आणि हसले. बाकीचे तिघंही हसले. समिती म्हणजे हेच चौघं.

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी खिशातून पेचकस काढला. मी अँटेनाची वायर सोडवली, ह्यांनी सेट उचलला.

"वहिनी, हे काय करताय?"

"खुर्ची तुमची," म्हटलं, "ती ठेवलीय की."

त्या पावसाळ्यात सेट आमच्या माजघरात होता, फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी. पाणी चढलं तसा कुरुंदवाडच्या हॅमचा आवाज आला, "अक्का, तुमच्या गल्लीत पाणी आलं बघा, पर माणसं समदी वर काढल्यात." मी ते माझ्या कानानं ऐकलं. मग कलेक्टर कचेरीला फोन लावला, आणि ह्यांना म्हटलं, आज चहा तुम्ही टाका.